पाणसळ

निवृत्तीच्या दिवशी खाणीने शाल दिली, नारळ दिला,
आणि स्टोअरच्या परबाने गुपचूप पिशवीत सरकवली
एक पिवळी पाणसळ.
चौतीस वर्षं मी वजनकाट्यावर बसून ट्रक मोजले.
भरलेला वजा रिकामा.
डिचोलीच्या या बाजूची निम्मी टेकडी
माझ्या अक्षरात वह्यांमध्ये गेली.

पाणसळ नऊ वर्षं माळ्यावर पडून.
मग तो एप्रिल आला. दुकानं बंद,
पोदेराचा भोंगा बंद,
रस्त्यावर नुसती लाल धूळ, तीही बसलेली,
कारण तिला उठवणारे ट्रक केव्हाच थांबले होते.
आपल्याला बंदची सवय आहे, मी म्हणालो.
इंदुमती म्हणाली, तुम्हाला असेल.
मला दिवसभर घरात माणसाची सवय नाही.

म्हणून फळी.
स्वयंपाकघरात एक फळी मारायची, एवढंच ठरलं.
गोठ्यात फणसाचं जुनं दार होतं.
खिळे खोक्यांतून उपटले, दगडावर ठोकून सरळ केले,
सत्तावीस. चार मोडले.
फळी मारली, वर पाणसळ ठेवली,
बुडबुडा उजवीकडे पळाला.
काढली, पुन्हा मारली. आता बुडबुडा मधोमध
आणि फळी डोळ्यांना तिरकी.
तेव्हा संशय आला तो घराचा.

ओटा: डावीकडे उतार. उंबरा: डावीकडे.
देवघर: डावीकडे, किंचित कमी.
पलंग, तुळशीचा कट्टा, अंगणातली पायरी,
सगळं घर खाणीच्या खड्ड्याकडे झुकलेलं,
जसं कमी ऐकू येणारं माणूस
बोलणाऱ्याकडे झुकतं.

इंदुमती तांदूळ निवडत होती.
आत्ता कळलं?
शेगडीखाली पत्त्यांतले दोन जोकर घातलेत मी,
वीस वर्षं झाली.
दूध एकाच अंगाने उतू जातं,
कधी बघितलंत?
मी काही बोललो नाही.
काट्यावर मी दहा किलोचा फरक सोडत नसे.

रात्री कुवेतहून प्रज्योतचा फोन.
एका खोलीत आठ जण, खिडकीत वाळू;
तिच्यावर बोट ओढून दाखवलं त्याने.
इथे पण आपल्यासारखंच, बाबा, फक्त पिवळं.
फळी बघू म्हणाला. मी दाखवली.
अरे, मस्त सरळ आहे की!
फोन मी जरासा कलता धरला होता,
ते सांगायचं राहिलं.

नंतर बाक.
बलकांवात दोघांना बसता येईल असा.
शेजारच्या कायतानने रंधा दिला,
आंबे काढायच्या काठीला टोपली बांधून, भिंतीवरून,
आणि सोबत दहा सूचना, सगळ्या ओरडून.
आयुष्यभर बार्जची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस,
त्याला हळू बोलता येत नाही.
डावे पाय मी बोटभर लांब ठेवले.
या घरात हा बाक सरळ.
दुसरीकडे कुठेही नेला तर वाकडा.
पाणसळ परत माळ्यावर ठेवली नाही,
पण वापरलीही नाही.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात कायतानला मडगावला नेलं.
एकोणीस दिवस भिंतीपलीकडे आवाज नव्हता.
रंध्याला मी दोनदा तेल दिलं.

परत आला तो अर्धा होऊन, आणि नाकाशिवाय.
मासळीचा वास नाही, फेणीचा नाही, स्वतःच्या घामाचाही नाही.
फाटकातूनच म्हणाला, रंधा दी.
बाकावर बसला, मधे एका माणसाची जागा सोडून.
मी उरलेल्या फणसाच्या तुकड्यावर रंधा फिरवला,
पिवळी गोड वासाची साल निघाली, लांब, न तुटता.
त्याने मास्क खाली केला, ती नाकाशी धरली,
डोळे मिटले. बराच वेळ.
आत इंदुमतीने शेगडी बारीक केली.

कांयच ना, तो म्हणाला.
चक्क हळू म्हणाला.
मग ती गुंडाळी सदऱ्याच्या खिशात ठेवली
आणि खिशाचं बटण लावलं.
फाल्यां परत पळयतां.